उजेडाला धरून बघणाऱ्या बाई

कोणतीही वस्तू हातात आली की बाई आधी ती उजेडाला धरायच्या. अंडं तर धरायच्याच, ते त्यांचं कामच होतं. पण पोस्टाचं पाकीट, खोकल्याच्या औषधाची बाटली, ज्वारीची भाकरी, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका, सगळ्यांची गत तीच. तोंड खिडकीकडे, एक डोळा बारीक, वस्तू कपाळाच्या उंचीवर. स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक एकमेकांना कोपरानं ढोसायचे. एकदा एकानं विचारलंच, "बाई, भाकरीत काय दिसायलंय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काही नाही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार, काही नाही म्हणून?"

मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात पहिल्याच ओळीत कुणाचा तरी धिक्कार करावा लागतो. या हकिगतीतही धिक्कार करण्याजोगी माणसं आहेत, ती आपापल्या जागी येतील. आधी बाई.

आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. माहेर अक्कलकोटकडचं, लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. जन्मात अंडं चाखलं नव्हतं, आणि अंड्याची त्यांच्याइतकी पारख उभ्या सोलापुरात कुणाला नव्हती. मंगळवार बाजारात त्या कापडी पिशवीच्या तळाला कोंडा घालून जायच्या आणि विकणारीला पहिला प्रश्न, "कोंबडा आहे का घरी?" कोंबड्याशिवायच्या अंड्यात जीव धरत नाही, म्हणून. विकणारी म्हणायची, "हाय की बाई, लई माजलाय. पन खात न्हाई तर एवढी नेता कशाला?" बाई म्हणायच्या, "पोटात नाही घालायची, डोळ्यात घालायची." भोवतीचे ओळखीचे लोक तोंड फिरवायचे. कॉलेजात पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, अंडेवाल्या बाई. बाईंना ते ठाऊक होतं. "बरोबर आहे की," म्हणायच्या, "दूधवाला दूध आणतो, मी अंडी आणते."

त्या अंड्यांना त्या खिडक्या पाडायच्या. खरोखरच्या खिडक्या. कवच स्पिरिटनं पुसायचं, बारीक पात्यानं पैशाएवढा तुकडा कापून अलगद उचलायचा, वर पातळ काच बसवायची आणि कडेनं मेण ओतायचं. मग अंडं परत उबेत. ऊब द्यायला एक जुनी पत्र्याची ट्रंक होती, आत दोन बल्ब, एक वाटी पाणी आणि दोऱ्यानं टांगलेलं थर्मामीटर. कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे फॉर्मालिनमध्ये पांढरे पडलेले बेडूक आणि झुरळांचे तक्ते. त्या मेलेल्या पसाऱ्यात ती ट्रंक एकटीच जिवंत होती.

त्या खिडकीतून मी पहिल्यांदा आत बघितलं तेव्हा मला काही दिसेना. पिवळं, ओलं, मधेच केसाएवढ्या लाल रेषा. बाई माझ्या खांद्यामागून वाकल्या होत्या. "थांब. श्वास रोखून धर." आणि मग दिसलं. टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, आणि तो उडत होता. ना डोळे, ना पाय, ना पंख, अजून कोंबडीचा पत्ताच नाही, पण हृदय कामाला लागलेलं. बाई उत्साहात आल्या की मराठी विसरायच्या. "नोडु, नोडु," त्या माझा दंड हलवत म्हणाल्या. बघ, बघ. हजार वेळा बघितलेली गोष्ट, पण त्यांचा आवाज पोरीसारखा चिरकला होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. तोंड दाबून बसलेलं गाव एकदम बोलायला लागलं होतं. भिंती रंगत होत्या, चौकाचौकात सभा होत होत्या, आणि आम्ही सायक्लोस्टाईल मशीनचं हँडल फिरवून फिरवून हात काळे करून घेत होतो. मी बी.एस्सी.ला, वडील गिरणीत, घर आमच्या बौद्ध वस्तीत, आणि डोक्यात सदा जाळ. वर्गात मी कमी आणि गेटवर जास्त. बाईंनी मला नाव दिलं, घोषणा. "काय गं घोषणे, आज कोण मुर्दाबाद?"

मी पत्रक पुढे केलं की त्या ते उजेडाला धरायच्या. मग दोन प्रश्न विचारायच्या, नेहमी तेच दोन. कुठं? कधी?

"कामगारांवर जुलूम चाललाय, असं लिहिलंयस. कुठं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठंच नाही. कधी?"

"नेहमीच, बाई."

"मग आत काही हलेना गं," असं म्हणून कागद परत. मला राग यायचा. मी म्हणायचे, बाई, तुम्ही अंड्यात डोकं घालून बसा, जग बाहेर पेटलंय. त्या बीकरमध्ये चहा उकळत असायच्या. तो दोन बीकरांत सारखा ओतायच्या आणि एक माझ्यापुढे सरकवायच्या. वरच्या मजल्यावर स्टाफरूममध्ये माझ्यासाठी कप कुठला काढायचा हा प्रश्न पडणारी शिकलेली माणसं होती. बाईंना तो कधी पडला नाही, आणि त्याबद्दल त्या एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी त्यावरही पत्रक काढलं असतं.

एका दिवशी त्या वर्गात आल्या त्याच धावत. पदर खांद्यावरून सुटलेला, हातात परदेशी मासिकाचा अंक, कुणीतरी मुंबईहून पाठवलेला, महिनोन्‌महिने जुना. त्या दिवशी आमचा तास झुरळाच्या पचनसंस्थेचा होता. त्यांनी फळ्यावरचं झुरळ हातानंच पुसलं आणि पट्टेरी उंदीर काढला.

"ऐका," म्हणाल्या. "उंदराला एक विचित्र गाठ होते. कॅन्सरचीच. आत केस, हाड, कातडं सगळं कालवलेलं, घर बांधायला घेतलं आणि गवंड्याला वेड लागलं असं. त्या गाठीतल्या पेशी मोठ्या उंदराच्या कातडीखाली टोचल्या तर उंदीर मरतो. आता बघा. त्याच पेशी टोचल्या नुकत्या धरलेल्या गर्भात. गर्भ म्हणजे अजून पोकळ चेंडू, डोळ्याला दिसत पण नाही. आणि तो चेंडू ठेवला दुसऱ्या उंदरीच्या पोटात. काय झालं असेल?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मेला असेल."

"जन्मला," बाई म्हणाल्या. त्यांनी खडूनं उंदराचे पट्टे पुन्हा गिरवले, इतक्या जोरात की खडू मोडला. "निरोगी जन्मला. हे पट्टे दिसतात का? हे केस गाठीच्या पेशींचे. नुसते केस नाहीत, रक्तात पण त्याच, आतल्या अवयवांत पण त्याच. खुनी पेशी, आणि गर्भात गेल्यावर केस झाल्या, रक्त झाल्या, कामाला लागल्या. शेजारच्या पेशी काय सांगत असतील त्यांना? सांगतात तरी कशा?"

तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. एरवी झुरळाला कंटाळून खिडकीबाहेर बघणारी पोरं फळ्याकडे तोंड वासून बघत होती. मी तर पेटलेच. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा असा होता: कॅन्सरची पेशी सुधारते, मग वस्तीतला पोरगा का नाही? परिस्थिती बदला, माणूस बदलेल. वाचून आमच्या संघटनेचा सेक्रेटरी टेबलावर हात आपटून म्हणाला, याला म्हणतात पत्रक. मी ते घेऊन दुसऱ्या दिवशी बाईंकडे.

त्यांनी उजेडाला धरलं. बराच वेळ धरलं. मग ट्रंकेतून एक अंडं काढून माझ्यापुढे ठेवलं. जनावरांच्या दवाखान्यात एक कोंबडी आली होती, अंगावर गाठ असलेली. त्या गाठीचा तिळाएवढा तुकडा बाईंनी अंड्यातल्या पिल्लाभोवतीच्या पडद्यावर नेऊन ठेवला होता. वर्षभर त्या याच खटपटीत होत्या. कधी बुरशी धरायची, कधी वीज जायची, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. या अंड्यात तुकडा जगला होता. मी खिडकीतून बघितलं. भोवतीच्या सगळ्या रक्तवाहिन्या वळून त्या तुकड्याकडे निघाल्या होत्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या.

"काय दिसायलंय?" बाई म्हणाल्या.

"गाठीला रक्त मिळायलंय."

"कोण देतंय?"

मी पुन्हा वाकून बघितलं. गर्भच देत होता.

"तिथं गर्भानं गाठीला वळण लावलं. इथं गर्भच तिला पोसायलाय. तिथली गाठ वेगळी, इथली वेगळी. तिथं अगदी सुरुवातीला, आतमध्ये ठेवली. इथं उशिरा, बाहेरच्या पडद्यावर. कुठं ठेवली आणि कधी ठेवली, घोषणे. तू काय लिहिलंस? चांगल्या घरी ठेवा, सुधारेल. ज्यांच्या घरी कॅन्सरचा माणूस आहे त्यांनी हे वाचलं तर काय समजतील? आणि तुझ्या वस्तीतल्या पोराला तू गाठ म्हणालीस, ते चालतं का तुला?"

ते नाही चाललं. पत्रक मी फाडलं, पण मनातून तणतणत. आणि तरी त्याच अंड्यावर पुन्हा वाकले. पेशी ऐकतात, पण कुणाचं ऐकतात, कोणत्या वयात ऐकतात, हे कुणालाच नीट ठाऊक नाही आणि आमच्या बाई पत्र्याच्या ट्रंकेत तेच शोधतायत, या गोष्टीची मला झिंग चढली होती.

आता धिक्काराची माणसं. कॉलेज चालवणाऱ्या लिंगायत संस्थेच्या मंडळींपैकी कुणीतरी प्रयोगशाळेत डोकावलं आणि बोंब झाली. आपल्या संस्थेत अंडी? तीही आपल्यातल्याच बाईनं आणलेली? फॉर्मालिनमधला बेडूक चालतो, मेलेलं चालतं, जिवंत चालत नाही. ट्रंक उचला म्हणून हुकूम आला. मी म्हटलं, बाई, मोर्चा काढू, दोनशे पोरं आणते. बाई ट्रंकेची कडी लावत होत्या. "दोनशे पोरं घोषणा द्यायलीत तोवर माझी अंडी गार होतील. एक बाजू धर."

ट्रंक त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी गेली. पण तिथे वीज कपातीचा घोळ. बल्ब विझला की आतला जीव गारठायचा. तेव्हा मला नागम्मा आठवली.

नागम्मा शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकराच्या घरची सून, एका डायहाऊसमध्ये कामाला. डायहाऊस म्हणजे चादरींचं सूत रंगवायची जागा. उकळत्या पाण्याचे हौद, वाफ, नॅपथॉलच्या रंगांचा घशात बसणारा वास, आणि सुताच्या ओल्या लडी उचलणाऱ्या बाया, कोपरापर्यंत लाल नाहीतर निळ्या. त्यांना हातमोजे मिळावेत म्हणून आम्ही भांडत होतो, त्यातून तिची ओळख. तिथला बॉयलर कधी विझत नसे. हौदाच्या मागे भिंतीला एक फळी होती. बाईंनी तिथे थर्मामीटर टांगून बघितलं, चेहरा उजळला. "कोंबडीच्या पोटाखाली असते तेवढीच ऊब." अंडी टोपलीत घालून फळीवर गेली आणि ती वेळोवेळी उलटायचं काम नागम्मानं घेतलं. तिला दिवस गेलेले होते. ती हसून म्हणायची, "अक्का, पोटात एक उबवायलेय, फळीवर टोपलीभर. मला कोंबडीच केलात की तुम्ही."

टोपली परत आली तेव्हा बाईंनी एकेक अंडं उजेडाला धरलं, आणि धरता धरता त्यांचा चेहरा बदलत गेला. बरीच अंडी काळी, आतला जीव गेलेला. जी राहिली होती त्यांना खिडकी पाडली. एका पिल्लाचा एक डोळा बनलाच नव्हता. एकाची पाठ नीट मिटली नव्हती. हृदयं उडत होती, पण भलत्याच लयीत. बाईंनी त्यांतल्या काही अंड्यांत गाठीचे तुकडे ठेवायचे ठरवले होते. तो सगळा घाट मोडला. त्या स्टुलावर बसल्या. "माझा प्रयोग गेला," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझा सुरू झाला."

कारण आम्हां दोघींच्या मनात एकच नाव आलं होतं. आम्ही नागम्माच्या घरी गेलो. बाईंनी तिला तेच दोन प्रश्न विचारले, पण आवाज असा की मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तेव्हा कळलं, नागम्माला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मधेच गेलं.

"काम कुठं करत होतीस तेव्हा?"

"हौदावरच की बाई. लग्न झाल्यापासनं हौदावरच."

"कधी कधी गेलं? कितवा महिना?"

तिनं सांगितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सासू म्हणते पोटच खोटं हाय. ह्या बारी पण गेलं तर नवऱ्याचं दुसरं करतील. हौद सोडला तर काम जातंय. काम गेलं तर अजून लवकर करतील."

मी रस्त्यावर येईपर्यंत पत्रक मनात लिहून झालं होतं. विषारी हौद. गर्भांचे मारेकरी. मालकाला तुरुंगात घाला. बाई माझ्याबरोबर भराभर चालत होत्या आणि माझं एकेक वाक्य खोडत होत्या. वास असेल कशावरून? उष्णता कमीजास्त झाली असेल. वाफ जास्त झाली असेल. टोपली हादरली असेल. कवच श्वास घेतं, हवेतलं आत जातं, हे खरं; पण काय गेलं ते कुणी बघितलंय? माझाच हात चुकला असेल. अंडी तीन ठिकाणी ठेवायची. काही पुन्हा त्या फळीवर, काही बॉयलरच्या पलीकडे, हौदापासून लांब पण तेवढ्याच उबेत, काही घरी ट्रंकेत, गरम पाण्याच्या बाटल्या लावून.

मी भर रस्त्यात उभी राहिले. "आणि तोवर नागम्मानं काय करायचं? तुमची अंडी उबेपर्यंत हौदावर वाकायचं?"

"कोण म्हणालं तसं?" बाई पण थांबल्या. त्यांना इतकं रागावलेलं मी तेवढंच बघितलं. "अंड्यांसाठी थांबायचं. नागम्मासाठी थांबायचं नाही. ह्या दोन गोष्टी आहेत, घोषणे. तू एकीत दुसरी मिसळतीस म्हणून तुला खोटं लिहावं लागतं. जे बघितलं ते लिही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिही. आणि माहीत नाही म्हणूनच बाईला तिथं ठेवू नका, हे लिही. बघ त्यात काही हलतंय का."

तसं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. डायहाऊसचं ठिकाण, हौद, फळी, केव्हा अंडी ठेवली, केव्हा काढली, काय दिसलं. मग एक ओळ: हे कशामुळे झालं ते आम्हाला माहीत नाही. मग दुसरी: कारण कळेपर्यंत गरोदर बाईला हौदावर उभं करू नये आणि तिचं काम काढून घेऊ नये, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन बघावं. सेक्रेटरीनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "माहीत नाही? पत्रकात? अगं, मालक हसून मरेल, तेवढाच त्याचा निकाल." मी म्हटलं, मरू दे, पण वाटायचं हेच. गेटवर बाया पत्रक वाचून घेत होत्या, जिला येत होतं तिच्याकडून, आणि एरवी घोषणेला हात वर करणाऱ्या त्या बाया एकदम बोलायला लागल्या. माझं गेलं तेव्हा मी हौदावर होते. माझं नाही गेलं, मी चादरींच्या घडीला होते. कुठं, कधी. त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं.

आठवडाभरानं मालक बाईंच्या घरी आले. सगळा पूर्व भाग त्यांना नायना म्हणायचा, म्हणजे वडील. पांढरं धोतर, कपाळाला नाम, हातात आमचं पत्रक. मी तिथेच होते, बीकर हातात.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"तू आधी लिहीत होतीस त्यात शिव्या असायच्या. वकिलाकडनं शिव्यांचं उत्तर तयार करून ठेवलंय मी. ह्याला काय उत्तर देऊ? माहीत नाही म्हणे. माहीत नाही तर छापता कशाला?"

"उत्तर देऊ नका," बाई म्हणाल्या. "आलायत तर बघा."

दुसऱ्या खेपेची अंडी तयार होती. बाईंनी घरच्या ट्रंकेतलं एक आणि फळीवरचं एक, दोन शेजारी ठेवली. नायना आधी घरच्या अंड्यावर वाकले. बाईंनी सवयीनं म्हटलं, "श्वास रोखून धरा," आणि तो दांडगा माणूस खरंच श्वास रोखून उभा राहिला. मग फळीवरचं. ते सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावरची सगळी मालकी उतरली होती.

"हे माझ्या डायहाऊसनं केलं?"

माझ्या जिभेवर होकार आला होता. बाई म्हणाल्या, "माहीत नाही. हौदापासून लांब ठेवलेल्यांत बिघाड कमी दिसला, पण तिथं पण दिसला. वास असेल, वाफ असेल. अजून बघावं लागेल."

"माझ्या आईनं त्याच हौदावर जन्म काढलाय, बाई. मी झालोच की."

"झालात," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईला झाली किती आणि राहिली किती, ते कधी विचारा."

ते विचारायची नायनांना गरज नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाईंनी फळीवरचं अंडं उचलून रुमालावर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझी अंडी मी तिथनं उचलली, नायना. तुम्ही काय उचलणार?"

नायना पत्रकाची घडी घालून, बंडीच्या खिशात ठेवून निघून गेले. हो नाही, ना नाही. मी बाईंवर उसळले, एवढा हातात आलेला माणूस तुम्ही माहीत नाही, माहीत नाही करत सोडलात. दुसऱ्या दिवशी नागम्मा धापा टाकत आली. तिला हौदावरून काढून चादरींच्या घडीला लावलं होतं, लांबच्या खोलीत, मजुरी तीच. मुकादमानं कारण काय सांगितलं? घडीला बाई कमी पडत होती. हातमोजे आले नाहीत. बाकीच्या गरोदर बायांसाठी नियम असा काही झाला नाही, ज्या बोलल्या त्यांची बदली झाली, ज्या बोलल्या नाहीत त्या हौदावरच राहिल्या. ते भांडण आम्ही आजही भांडतोय. पण त्या दिवशी नागम्मा, बाई आणि मी, तिघींनी तीन बीकर चहा प्यायला आणि बाईंनी साखर दुप्पट घातली.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोज संध्याकाळी नागम्माच्या दारावरून सायकल न्यायची, ती उंबऱ्यात दिसली की पुढे जायचं. ज्या महिन्यात आधीची गेली होती तो आला आणि गेला. सासू दारात सायकल बघून कपाळाला आठ्या घालायची, नंतर नंतर पाणी विचारायला लागली. आणि मग मुलगी झाली. डोळे दोन, पाठ मिटलेली, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला ऐकू यावा. मी तशीच बाईंकडे गेले, दम लागलेला. "बाई, विजयाचं पत्रक काढते. हौद सोडला आणि मूल वाचलं. आता कोण काय बोलेल?"

बाईंचे डोळे भरले होते, तरी मान हलली नाही. "एका बाळावरून काय सिद्ध होतं? हौदावर राहून पण झालं असतं कदाचित."

"बाई, ती जिवंत आहे."

"आहे की. लई छान आहे. पण ती पुरावा नाही, घोषणे, मुलगी आहे. तिला पत्रकात घालू नकोस."

नाही घातलं. पण दर खेपेची अंडी बघत राहिलो. बाई बघायच्या, मी लिहायचे. कारण आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. तेवढी साधनं एका ट्रंकेत मावत नाहीत.

पुढच्या वर्षी बाईंना धारवाडला बोलावणं आलं. तिथे खरी प्रयोगशाळा होती, न विझणारी ऊब, गाठीच्या पेशी आणि गर्भ यांच्यावरच काम. संस्थेनं त्यांना थांबवण्याचा प्रश्नच नव्हता, अंडेवाल्या बाई गेल्या म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला असेल. स्टेशनवर मीटर गेजची गदगची गाडी लागली होती. बाईंचं सामान म्हणजे दोन पिशव्या. ट्रंक त्यांनी मला दिली. मी म्हटलं, मी काय करू हिचं? म्हणाल्या, "पत्रकं ठेव. पण आधी उजेडाला धरून." तेच करते मी आता. छापायला देण्याआधी प्रत्येक पत्रक खिडकीत धरते, सेक्रेटरी हसतो, आणि त्यात निदान एक ओळ तरी माहीत नाही अशी सापडली नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं.

गाडी सुटायच्या बेताला नागम्मा आली, कडेवर पोरगी, टोपडं घसरलेलं. बाईंनी खिडकीतून हात पुढे करून तिला घेतलं. सकाळचं ऊन डब्यात तिरपं येत होतं. सवय ती सवय, बाईंनी पोरीला उजेडाला धरलं, कपाळाच्या उंचीवर, एक डोळा बारीक करून. पोरीचा कान उन्हात लालेलाल झाला, आणि त्यात केसाएवढ्या बारीक रेषा दिसल्या, फांद्या फुटत गेलेल्या, अगदी पहिल्या दिवशी खिडकीतून दिसल्या होत्या तशा.

नागम्मा घाबरून म्हणाली, "काय बघायलाव बाई? काय हाय का?"

गार्डानं शिट्टी दिली. बाईंनी पोरगी माझ्या हातात दिली, तिचा कान माझ्या बाजूला वळवला आणि माझा दंड धरून हलवला.

"नोडु," म्हणाल्या. "नोडु, नोडु."